फाटक्या आवाजाचा भाव

‘आवाज फाटून राह्यला ना भाऊ!’ हे वाक्य भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत वर्षातून निदान चार वेळा ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या रात्री आणि शंकरपटाच्या दिवशी. ते तिसऱ्या-चौथ्या रांगेतून येतं आणि कोपऱ्यात टेबलामागे बसलेल्या बिछायतवाल्याच्या अंगावर जाऊन पडतं. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला मंडप डेकोरेटर म्हणतात, त्याला इकडे बिछायत केंद्र म्हणतात. गाद्या, खुर्च्या, पातेली, पंखे आणि साउंड हे सगळं त्याच्याकडे एकाच छताखाली नांदतं. तक्रार आली की तो दचकतो, एक बटण डावीकडे फिरवतो, मग सवयीनं दुसरं उजवीकडे फिरवतो. आवाज होता तेवढाच फाटत राहतो, पण काहीतरी केल्याचं समाधान दोन्ही पक्षांना मिळतं.

या बिछायतवाल्याला जर कुणी सांगितलं की जगाच्या पाठीवर काही माणसं नेमका हाच फाटका आवाज मिळवण्यासाठी लाखो रुपये मोजतात, तर तो आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण गोष्ट खरी आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत आवाज फाटणं ही तक्रार नाही, ती मागणी आहे. तिकडे त्याला ‘टोन’ म्हणतात. आणि कुणाचा आवाज जास्त सुंदर फाटतो, जुन्या ब्रिटिश ॲम्पचा की हातानं बनवलेल्या नव्या महागड्या ‘बुटीक’ ॲम्पचा, यावर शहाणीसुरती, घरदार असलेली माणसं रात्र रात्र भांडतात.

‘बुटीक’ या शब्दाचा लाखनीतला अर्थ वेगळा आहे, हेही इथेच सांगितलेलं बरं. इथे बुटीकमध्ये ब्लाउज शिवून मिळतो आणि साडीला फॉल-पिको होतो. बुटीक ॲम्प म्हटल्यावर समोरच्यानं ‘अस्तर लावायचं का?’ असं विचारलं, तर चूक त्याची नाही.

आधी फाटणं म्हणजे काय ते पाहू. भंडारा हा धानाचा जिल्हा, तेव्हा पायलीचा दाखला सोयीचा. पायलीत मावेल तेवढं धान ओतलं तर माप चोख. जास्त ओतलं की वर शीग चढते. ही शीग उतरवायच्या दोन तऱ्हा आहेत. तळहात अलगद फिरवला की वरचे दाणे घरंगळतात आणि माथा गोलसर राहतो. सरळ पट्टी घेऊन सपकन ओढली की माथा पाटासारखा सपाट. ॲम्प्लिफायर म्हणजे अशीच एक पायली. त्याच्या ताकदीपेक्षा मोठा ध्वनी आत ओतला की लहरीचा माथा कापला जातो. जुना काचेचा व्हॉल्व्ह तो तळहातानं पुसल्यासारखा कापतो, ट्रान्झिस्टर पट्टीनं. कापलेल्या लहरीतून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात. ते गोलाईनं जन्मले तर कानाला गोड आणि भरदार लागतात, सपाटीनं जन्मले तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे. सगळा ‘टोन’ हा या तळहाताचा खेळ आहे. बाकी उरतो तो पैशांचा.

आता गंमत अशी की हा आवाज पहिल्यांदा कुणी ठरवून फाडला नाही. तो फाटला अपघातानं, आणि तोही महामार्गावर. १९५१ मध्ये अमेरिकेत आइक टर्नरची मंडळी ‘रॉकेट ८८’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित करायला मेम्फिसला निघाली होती. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्पला इजा झाली, स्पीकरचा कागद फाटला. स्टुडिओत पोचल्यावर त्यात कागद कोंबून वेळ मारून नेली आणि तोच गुरगुरता आवाज तबकडीवर कायमचा उमटला. लाखनीही महामार्गावरचंच गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावातूनच जातो. या रस्त्यावर टेम्पोतून उलटलेल्या, भिजलेल्या, खड्ड्यात आपटलेल्या ॲम्पांची मोजदाद केली तर रॉक संगीताचा शोध इथे आठवड्याला एकदा लागायला हवा होता. लागला नाही, कारण इथे स्पीकरमध्ये कागद कोंबल्यानंतर बिछायतवाला ती गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवतो.

अमेरिकेत लपवली नाही, उलट साथ पसरली. लिंक रे नावाच्या गिटारवादकानं पेन्सिलीनं स्पीकरला भोकं पाडली आणि १९५८ मध्ये ‘रंबल’ काढलं. त्यात एक शब्दही नाही, तरी काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी पोरं बिघडतील म्हणून ते वाजवायचं नाकारलं. शब्दाविना अश्लील ठरण्याचा मान आपल्याकडे फक्त तमाशातल्या ढोलकीला मिळालेला आहे. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स मंडळींतल्या डेव्ह डेव्हिसनं एल्पिको नावाच्या लहानशा ॲम्पचा स्पीकर चक्क दाढीच्या पात्यानं चिरला. ‘यू रिअली गॉट मी’ ते हेच. घरातल्या वस्तूवर पातं चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराचं पुढे काय होतं, हे भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बापाला विचारा. तिकडे त्याचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग आले मार्शलसाहेब. जिम मार्शल हे गिटारवाले नव्हतेच. ते ड्रम वाजवायचे, ड्रम शिकवायचे आणि १९६० पासून पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवायचे. दुकानात येणारी गिटारवाली पोरं अमेरिकी फेंडर ॲम्पसाठी झुरायची, पण समुद्र ओलांडून आलेला माल परवडायचा नाही. तेव्हा मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या केन ब्रॅनसारख्या जाणकारांनी फेंडरचा ‘बेसमन’ नावाचा ॲम्प समोर ठेवला आणि इंग्लंडात मिळतील ते भाग घालून त्याची नक्कल केली. १९६२ मध्ये तयार झाला तो जेटीएम-४५. जे म्हणजे जिम, टी म्हणजे मुलगा टेरी, एम म्हणजे मार्शल. ‘अँड सन्स’ची पाटी लावायची इच्छा सातासमुद्रापारही सुटत नाही.

नक्कल मात्र नकलेसारखी निघाली नाही. फेंडरच्या उघड्या पाठीच्या खोक्यात दहा इंची चार स्पीकर होते. मार्शलनं सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची घेतले आणि खोकं मागून बंद केलं. पहिला व्हॉल्व्ह जास्त जोराचा बसवला, ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळाले ते. या सगळ्या ‘मिळाले ते’मधून असा आवाज निघाला की त्याला पुढे ‘ब्रिटिश टोन’ असं खानदानी नाव मिळालं. अमेरिकी आवाज वर चकचकीत, खाली घुमणारा आणि मध्ये पोकळ. ब्रिटिश आवाज मधोमध छाती काढून उभा. ड्रम, बेस, गायक अशा सगळ्या गर्दीतून तो कोपरानं वाट काढत पुढे येतो.

ही कोपराची कला लाखनीकरांना कुणी शिकवायला नको. लाखनीचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पंचक्रोशीत नावाजलेला. दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर, बैलजोडी सुटली की हजारोंचा गलका उठतो, आणि त्या गलक्याच्या वरताण निवेदकाचा आवाज पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाला लख्ख ऐकू जातो. ते काम भोंग्याचं. भोंग्याला खालचे सूर झेपत नाहीत, वरचेही फारसे नाही. तो फक्त मधला पट्टा पकडतो आणि माणसाचं बोलणं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. म्हणून शेजारच्या भारी बासवाल्या डब्यातून नुसतं ‘धुम धुम’ येतं आणि भोंग्यातून कुणाची जोडी पुढे ते कळतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात पुन्हा परवानगी मिळाली. मधली सातेक वर्षं बैलांना विश्रांती होती. भोंगे मात्र तेव्हाही निवडणुकांमुळे बेकार राहिले नाहीत.

मार्शलच्या नावांचा एक घोळ आहे, तो इथे सांगून टाकू, कारण त्यावरून भल्याभल्यांची फसगत झाली आहे. ‘मार्शल १९५९’ हा ॲम्प १९५९ सालचा नाही, तो निघाला १९६५ मध्ये. एरिक क्लॅप्टनमुळे ‘ब्लूजब्रेकर’ म्हणून गाजलेला ‘मार्शल १९६२’ हाही त्या सालचा नाही, तोही नंतरचाच. हे मॉडेल नंबर आहेत. आणि १९८१ मध्ये आलेल्या जेसीएम-८०० मधले आठशे हे वॅट नाहीत, व्होल्ट नाहीत. ती जिमसाहेबांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरची अक्षरं आणि आकडे. भंडारा जिल्ह्याचा एमएच-३६ हा ॲम्पचं नाव म्हणून काही वाईट दिसणार नाही. ऐकायलाही भारदस्त आहे.

शंभर वॅटची कथाही तशीच. ‘द हू’ या मंडळींतल्या पीट टाउनशेंडला स्वतःच्या ड्रमवाल्यापुढे आपण ऐकू येत नाही असं वाटायला लागलं. त्यानं मार्शलकडे जास्त ताकद मागितली, वर एकाच खोक्यात बारा इंची आठ स्पीकर मागितले. खोकं बनलं. ते उचलणाऱ्या हमालांनी पहिल्याच खेपेला बंड केलं असावं, कारण लवकरच त्याचे चार-चार स्पीकरचे दोन तुकडे करून एकावर एक रचायची पद्धत पडली. जगभरच्या रॉक मंचांवर दिसणारी ती काळी भिंत, म्हणजे ‘मार्शल स्टॅक’, ही मुळात कंबरदुखीवरची तोड आहे. याच मंडळींची १९७६ मधल्या लंडनच्या एका मैफिलीत बत्तीस मीटरवरून १२६ डेसिबल आवाजाची नोंद गिनीज बुकात झाली. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एवढ्यात टाउनशेंडला गिटारची तार जुळवता आली असती, वाजवता नाही.

आणि वॅटचंही थोडं ऐकून ठेवावं. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट आणले तर आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हे गणित नव्वदच्या दशकात भारतीय ग्राहकापासून कटाक्षानं दूर ठेवलं गेलं. तेव्हा घरोघरी आलेल्या टेपरेकॉर्डरांवर हजारांच्या घरातले ‘पीएमपीओ’ वॅट छापलेले असायचे. एवढ्या ताकदीत गावची राइसमिल चालली असती. प्रत्यक्षात त्या टेपचं बटण निम्म्याच्या पुढे गेलं की आवाज फाटायचा, सपाट पट्टीनं कापल्यासारखा, आणि आतल्या खोलीतून आजोबा ओरडायचे.

त्या आजोबांकडे मात्र खरा ब्रिटिश टोन पडून होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मार्शलइतकाच मानाचा दुसरा इंग्लिश ॲम्प म्हणजे व्हॉक्सचा एसी-३०. केंट परगण्यातल्या डार्टफर्डला, टॉम जेनिंग्जच्या कंपनीत डिक डेनी यांनी तो घडवला. शॅडोज, बीटल्स आणि पुढे क्वीनचा ब्रायन मे, सगळे त्यावर वाजवायचे. घंटेसारखा किणकिणता आवाज ही त्याची ओळख, आणि त्यात शेवटच्या टप्प्याला असतात ईएल-८४ नावाचे चार व्हॉल्व्ह. हाच ईएल-८४ त्या काळच्या फिलिप्सच्या बऱ्याच घरगुती रेडिओंतही असायचा. म्हणजे पोस्टात वर्षाचं लायसन भरून, भिंतीवरच्या फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरून ठेवलेल्या रेडिओच्या पोटात बीटल्सचा चौथा हिस्सा दिवा लावून बसलेला होता. त्यातून आकाशवाणी नागपूरचे बाजारभाव निघायचे. रेडिओ तापायला अर्धं मिनिट घ्यायचा, मग आवाज हळूहळू उजळत यायचा. ‘जुन्या रेडिओचा आवाज गोड होता’ असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना घरातली नवी पिढी हसायची. आता त्याच पिढीची पोरं तो गोडवा परदेशातून डॉलर देऊन मागवतात.

इथून पुढे बुटीकवाल्यांचा प्रांत सुरू होतो.

बुटीक ॲम्प म्हणजे थोडक्यात असं. एक माणूस, एक शेड, एक सोल्डरिंग गन आणि कंपनीवाल्यांना काही कळत नाही अशी अढळ श्रद्धा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात मॅचलेस सुरू झाली आणि तिनं व्हॉक्स एसी-३०च्या धर्तीवर डीसी-३० काढला, रणगाड्यासारखा मजबूत. मूळ व्हॉक्स तापून आचके द्यायचा, हा देत नाही. न्यू जर्सीच्या केन फिशर यांचे ‘ट्रेनरेक’, म्हणजे रेल्वे अपघात, या नावाचे ॲम्प. फिशर त्यांना नंबर द्यायचे नाहीत, बायकांची नावं द्यायचे. गिटारवरचं आवाजाचं बटण जरा कमी केलं की ॲम्प गरीब गाईसारखा स्वच्छ बोलतो, वाढवलं की अंगावर येतो. नाव कुठलंही ठेवा, स्वभाव ओळखीचा वाटतो असं म्हणणारे नवरे पुष्कळ भेटतील. त्यांनी हे घरी म्हणू नये.

पण या पंथाचे खरे महाराज म्हणजे अलेक्झांडर डम्बल. ते २०२२ मध्ये वारले. साऱ्या हयातीत त्यांनी तीनशेच्या आसपास ॲम्प बनवले असं मानतात. सांताना, स्टीव्ही रे वॉन, रॉबेन फोर्ड, जॉन मेयर अशी गिऱ्हाइकं. वादकाचा हात कसा पडतो ते ऐकायचं आणि त्याच्या मापानं ॲम्प बेतायचा. म्हणजे हे खरंखुरं बुटीक, अस्तरासकट. आवाज गाणाऱ्या गळ्यासारखा, लांब टिकणारा, फाटूनही मऊ. आज जुना डम्बल लाख डॉलरच्या वर जातो. आणि त्यांची आणखी एक खासियत: सर्किट कुणी चोरू नये म्हणून ते आतल्या भागांवर काळा घट्ट लेप ओतायचे.

हा लेप पाहून लाखनीतला कुठलाही रेडिओ मेकॅनिक गालात हसेल. त्याच्या वडिलांच्या पिढीनं हीच विद्या साध्या काचकागदानं साधली होती. ॲम्प असेंबल करायचा, आणि आतल्या आयसीवरचा नंबर घासून काढायचा. मग बिघडला तर तो फक्त आपल्याकडेच येणार. डम्बलच्या लेपाला लाख डॉलरचं गूढ लाभलं, इकडच्या काचकागदाला ‘लबाड आहे तो’ एवढंच.

कारण ‘असेंबल’ हे आपलं बुटीक. आहूजाचा ॲम्प हा कंपनीचा माल. १९४० पासूनची दिल्लीची फर्म, देवळापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि शाळेच्या प्रार्थनेपासून पक्षाच्या सभेपर्यंत सगळीकडे तिची पाटी. तो आपल्याकडचा ‘क्लासिक’. तो जपून वाजतो, सहसा जळत नाही, आणि त्यात हौस नसते. हौस असलेला माणूस नागपूरला जाऊन पार्ट आणायचा. टू-एन-३०५५ नावाचे, लोखंडी टोपी घातलेले पॉवर ट्रान्झिस्टर, जाड हीट सिंक, मोठा ट्रान्सफॉर्मर. लहान कामाला सॅन्योचा ४४४० आयसी, तो तर रिक्षापासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांचा लाडका. डबा पत्र्याचा, समोर रंगीत लाइटांची नाचती ओळ, आणि वर पेंटरकडून काढून घेतलेलं देवाचं किंवा पोरीचं नाव. केन फिशर यांना हे आवडलं असतं. आज छत्तीसगडपासून नागपूरपर्यंत लग्नाच्या वरातीत जी धुमाल वाजते, तिच्या गाडीवरचा साउंड हा याच परंपरेचा धाकटा आणि भलताच दांडगा भाऊ. त्याच्या ऑर्गनवरून सनईही फाटकीच निघते, पण वरातीतला एक माणूस तक्रार करत नाही. वरातीत आवाज फाटला नाही तर ‘साउंड ढिला होता’ म्हणून पैसे कापतात. म्हणजे मार्शलचं गिऱ्हाईक लाखनीतही आहेच, ते फक्त मांडवात शिरेपर्यंत टिकतं.

तिकडे मुंबईत आणि कोकणात गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो हा तर याहून जवळचा नातलग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात टायपरायटरसारखी बटणं लावलेलं ‘ताइशोगोतो’ निघालं. ते फिरत फिरत हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, गिरणगावात बेंजो झालं, त्याला वीज जोडली गेली आणि मग हातगाडीवरच्या भोंग्यातून ते असं करवादायला लागलं की कुठल्याही ब्रिटिश ॲम्पनं कानाला हात लावावा, आदरानं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच काढला. त्या वाद्याच्या टोनवर मात्र अजून कुणी रात्रभर भांडल्याचं ऐकिवात नाही. इथे रात्र नाचण्यात जाते.

फाटण्यात विजेचा हातही मोठा, आणि या बाबतीत पूर्व विदर्भ जगाच्या पुढे होता. एडी व्हॅन हेलन या अमेरिकी वादकाचा ‘ब्राउन साउंड’ म्हणजे टोनभक्तांचं काशीक्षेत्र. त्याचं एक रहस्य असं की तो मार्शलला पूर्ण वीज द्यायचाच नाही. व्हेरिॲक नावाच्या यंत्रानं व्होल्टेज नव्वदच्या आसपास उतरवायचा. ॲम्प अर्धपोटी राहिला की लवकर आणि मऊ फाटतो. मुलाखतीत मात्र त्यानं उलटंच सांगितलं, की मी व्होल्टेज वाढवतो. ते वाचून किती भाबड्यांनी आपले ॲम्प जाळून घेतले असतील ते देव जाणे. लाखनीत व्हेरिॲक विकत घ्यावा लागला नाही. उन्हाळी धानाला पाणी द्यायला एका डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू झाले की गावभर व्होल्टेज असंच उतरायचं. पंखा पाती मोजता येतील एवढा हळू फिरायचा, ट्यूब लुकलुकून दम तोडायची, आणि असेंबल ॲम्पमधून आरती अस्सल तपकिरी रंगात निघायची. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही मोठमोठी वीजकेंद्रं विदर्भात आणि भारनियमनही विदर्भात, हा या भागाचा जुना सल. संगीताच्या बाजूनं त्याकडे कुणी पाहिलं नाही, एवढंच.

फाटण्याचा धाकटा भाऊ म्हणजे शिट्टी. माइक भोंग्यासमोर गेला की भोंग्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा भोंग्यात, आणि ‘कुईईई’ करून सभा कान दाबते. बीटल्सनी १९६४ मध्ये ‘आय फील फाइन’ची सुरुवातच अशा गुणगुणत्या शिट्टीनं केली. जिमी हेंड्रिक्स तर मार्शलच्या भिंतीसमोर गिटार धरून शिट्ट्यांची पिकं काढायचा. १९६९ मध्ये वुडस्टॉकला त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत असं फाडून आणि शिट्ट्या घालून वाजवलं की त्यात विमानं आणि बाँब ऐकू आल्याचं लोक अजून सांगतात. हाच माणूस झाडीपट्टीच्या नाटकाला साउंडवर बसवला असता तर पहिल्या अंकातच हाकलला गेला असता.

कारण झाडीपट्टीत आवाज फाटणं खपवून घेतलं जात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडया भरतात आणि तिथून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. वडसा ही त्यांची राजधानी. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शामियाना भरलेला, बाहेर थंडी, रंगमंचावर वरून टांगलेले माइक, नट त्यांच्याखाली येऊन बोलणार, गाणी समोर बसलेल्या वादकांच्या साथीवर जागच्या जागी. खलनायकाचं हसू, नायिकेचं रडणं आणि विनोदी नटाचा झाडीबोलीतला टोमणा शेवटच्या माणसापर्यंत अक्षर न अक्षर पोचला पाहिजे. झाडीबोलीनं स्वतःच ‘ळ’ आणि ‘ण’ गाळून टाकलेत. डोळ्याचा डोरा, पाण्याचं पानी. ॲम्पनं आणखी काही गाळलं तर प्रेक्षक ऐकून घेत नाहीत. साउंडवाला रात्रभर बटणांवर बोटं ठेवून बसतो. त्याच्या हातात जो आहूजा असतो, त्याचा टोन काय, हे त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं. ऐकू येतंय की नाही, एवढंच विचारतात.

राहता राहिला मूळ प्रश्न, ब्रिटिश चांगला की बुटीक. जाणकारांचं ऐकलं तर बुटीक ॲम्पचा आवाज खरोखरच बारीक कलाकुसरीचा असतो. बोटाचा दाब ओळखतो, हलक्या हाताला हलकं बोलतो, सोल्डरिंग नेटकं, भाग निवडक. पण मार्शलनं फेंडर उचलला, बुटीकवाल्यांनी मार्शल आणि व्हॉक्स उचलले, आणि आता मोठ्या कंपन्या बुटीकवाल्यांच्या युक्त्या उचलतात. ढोलाच्या आणि बेसच्या गर्दीत, डोळे मिटून, कुठला लाखाचा आणि कुठला दहा लाखांचा हे सांगायला छाती लागते. पैसे मोजलेल्या माणसाला मात्र नेहमी ओळखू येतं. तशात मार्शल कंपनीच २०२३ मध्ये स्वीडनच्या झाउंड कंपनीकडे गेली, आणि आजच्या पोरांना मार्शल माहीत आहे तो ब्लूटूथ स्पीकर आणि हेडफोनवाला. शिवाय हे सगळे ॲम्प, डम्बलसकट, सॉफ्टवेअरमध्ये उतरले आहेत. लाखनीतला कॉलेजचा पोरगा स्वस्तातली गिटार मोबाइलला जोडतो, इअरफोन घालतो, आणि आई स्वयंपाकघरात भाताचा कुकर लावेपर्यंत १२६ डेसिबलचा स्टॅक वाजवून मोकळा होतो. आईला ऐकू येते ती फक्त सुट्या तारांची टिकटिक.

असा एखादा पोरगा गॅदरिंगला बिछायतवाल्याकडे जातो आणि गिटारची वायर आहूजाच्या माइकच्या भोकात खुपसतो. ॲम्पला हे नवं असतं. बटण चढतं, आवाज करकरतो, फाटतो, पोरगा डोळे मिटतो. बिछायतवाला धावत येऊन बटण उतरवतो. पोरगा चढवतो. हा उतरवतो. शेवटी पोरगा त्याला एका बाजूला घेऊन मोबाइलवर किझार्टचा कागद, डेव्हिसचं पातं, डम्बलचा लेप आणि लाख डॉलर, सगळं दाखवतो. बिछायतवाला चष्मा वर करून आकडा दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा शून्यं मोजतो.

‘म्हंजे फाटलेल्याले जास्त भाव हाय म्हनतोस?’

‘हो ना काका.’

बिछायतवाला मागे वळून आपल्या गोदामाकडे बघतो. ‘आपल्याकडं अकरा पडून हायेत. दोन तर उंदरानंच फाडलेत, पात्याबित्याचं कामच नाई पडलं. कोनाले फोन लावाचा, सांग.’